विसाव्याची विद्या



वणीचे नाव निघाले की इतिहासाच्या वाचकाला १६७० सालचा ऑक्टोबर महिना आठवतो. सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेने याच वणी-दिंडोरीच्या टापूत गाठले आणि महाराजांनी उघड्या मैदानात तिचा पराभव केला. आमच्या शिवारातली म्हणून ही लढाई मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेतील मुलांना मोठ्या आवेशाने सांगत आलो. आज मात्र आपल्यापुढे जो इतिहास मांडावयाचा आहे त्यात तलवार नाही की घोडा नाही. तो विसाव्याचा इतिहास आहे. स्वस्थ होणे ही शिकण्याची विद्या आहे असे आपल्या महाराष्ट्रात नव्या काळात कोणी गंभीरपणे मानले, ती विद्या कोणावर पारखून पाहिली गेली, आणि त्या पारखणीतून कोणत्या प्रकारची माणसे वगळली गेली, एवढेच मी सांगणार आहे.

वगळल्या गेलेल्या माणसांपैकी मी एक आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. नाहीतर पुढील विवेचन अगदी तटस्थ आहे असा आपला गैरसमज व्हावयाचा.

आपल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या एक आज्ञा चालत आलेली आहे : 'हाताची घडी, तोंडावर बोट.' मी ती दिवसातून दहा वेळा देत असे. चाळीस मुले घडी घालून बसली असता त्या वर्गात एकच प्राणी अस्वस्थ असे, व तो म्हणजे मी. टेबलाखाली माझा उजवा पाय सारखा हलत असे. खिशात खडूचा तुकडा असे आणि बोटे त्याच्याशी चाळा करीत असत. मधल्या सुटीचा कोलाहल मला साहवत नसे, म्हणून मी नकाशांच्या खोलीत जाऊन नकाशांच्या गुंडाळ्या क्रमवार लावीत बसे. सहकारी म्हणत, 'गुरुजी फार टापटिपीचे.' सुटीच्या दिवशी घरी आरामखुर्चीत टेकलो की थोड्याच वेळात छातीत धडधड सुरू होई व मी उठून काहीतरी काम काढी. रिकामे बसणे मला जन्मात जमले नाही, आणि हा आपला सद्गुण आहे अशी माझी समजूत होती.

सेवानिवृत्तीनंतर माझ्या पुतण्याच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. त्याला नाशिकला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. डॉक्टरीणबाई त्या मुलाविषयी जे जे विचारीत, त्यांतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला माझ्या स्वतःच्या बालपणातून देता आली असती. पुढे धीर करून मी त्यांना माझ्याविषयी विचारले, आणि रीतसर तपासणी होऊन वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मलाही तेच निदान मिळाले. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्य लोकांहून निराळी आहे अशांना हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. स्वमग्न, ज्यांचे अवधान टिकत नाही असे, अक्षरे वाचताना अडखळणारे, असे अनेक प्रकार त्यात येतात. मी या भाषणात 'निराळ्या घडणीची माणसे' एवढेच म्हणेन. डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या दिल्या नाहीत. 'गुरुजी, आता विसावा घ्यायला शिका,' असे त्या म्हणाल्या. मास्तराला काही शिकावयास सांगितले म्हणजे तो प्रथम पुस्तके शोधतो. मीही तेच केले.

या विद्येचा अर्वाचीन इतिहास लोणावळ्यास सुरू होतो. मात्र त्याची वाट आमच्या शेजारच्या खानदेशातून जाते. जगन्नाथ गणेश गुणे हे १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे जन्मले. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावले, आणि पुढे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात पडून ते अमळनेरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. योगाची दीक्षा त्यांना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून मिळाली. परंतु ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानणारा हा गृहस्थ नव्हता. उड्डियान व नौली करणाऱ्या मनुष्याच्या पोटात प्रत्यक्ष काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्याच वर्षी काढले. स्वामी कुवलयानंद ते हेच. योगाला प्रयोगशाळेच्या दारात उभा करणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव जगात घेतले जाते, आणि ते योग्यच आहे.

शवासन हे काही त्यांनी शोधले नाही. प्रेताप्रमाणे भूमीवर उताणे पडून राहण्याचा प्रकार तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रात आढळतो. पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामाने तो एका श्लोकात सांगितला असून, त्याने शीण जातो व चित्त विसावते असे फळ दिले आहे. म्हणजे मूळ ग्रंथात प्रकरण एका श्लोकाचे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आसनांवरील इंग्रजी पुस्तकात कुवलयानंदांनी त्या श्लोकाचा पाठ तयार केला : शरीराचे एकेक अंग मनाने धुंडाळावे, ते सैल सोडावे, मग श्वासाकडे लक्ष न्यावे. जे एका ओळीचे वर्णन होते त्याची पायरी-पायरीने शिकविता येईल अशी रीत झाली. मास्तर म्हणून मला या कामाचे फार कौतुक वाटते.

योगायोग असा की याच सुमारास अमेरिकेत शिकागो येथे डॉक्टर एडमंड जेकबसन हे दुसऱ्या टोकाने त्याच जागी येत होते. स्नायू प्रथम आवळावा, मग सोडावा, आणि या दोहोंतील फरक ओळखण्यास शिकावे, ही त्यांची रीत. त्यांचा ग्रंथ १९२९ साली निघाला. १९३४ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ 'तुम्ही सैल झालेच पाहिजे' असा होतो. ते नाव वाचून मला हसू आले. विसाव्याचा हुकूम काढावा तर तो मुख्याध्यापकांनीच!

आता पारखणीची गोष्ट. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर के. के. दाते यांनी रक्तदाब वाढलेल्या ४७ रोग्यांना शवासन शिकविले, व ते नित्य अर्धा तास करविले. त्यांच्या सहकाऱ्यांत कैवल्यधामाचे डॉक्टर विनेकर होते. १९६९ साली या प्रयोगाचा वृत्तांत परदेशी वैद्यक नियतकालिकात छापून आला. कित्येकांचा दाब उतरला, कित्येकांच्या औषधाची मात्रा कमी करता आली. नुसते पडून राहणे हा उपचार ठरू शकतो, हे मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने मोजून दाखविले. अमेरिकेतील डॉक्टर बेन्सन यांचे या विषयावरील गाजलेले पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १९७५ साली आले. आपल्या लोकांना ही गोष्ट अधिक ठाऊक असावयास हवी होती.

परंतु या सर्व थोर प्रयत्नांच्या बुडाशी एक गृहीत आहे. बाहेरची हालचाल थांबली, आवाज थांबला, की आतली हालचालही हळूहळू थांबते, असे ते गृहीत. बहुतेकांच्या बाबतीत ते खरे असेल. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी आपल्या १९६६ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात शवासन दिसते सोपे पण साधावयास अतिशय कठीण, असे बजावलेच आहे. तथापि कठीण म्हणजे सरावाने साधणारे, असाच आपण त्याचा अर्थ करतो. सरावाने उलटे होत असेल तर?

माझे उलटे झाले. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी एका योगवर्गास जाऊ लागलो. आसने उत्तम जमली. शेवटी शवासन आले. दिवे मंद केले, सर्वजण आडवे झाले, शिक्षक मृदू स्वरात एकेक अवयव सैल सोडावयास सांगू लागले. त्या शांततेत मला छताच्या पंख्याची कुरकुर, शेजाऱ्याचा श्वास, शर्टाच्या मानेवरील टाक्याची टोचणी, अशा शंभर गोष्टी एकाच वेळी ऐकू व जाणवू लागल्या. एरवी पाय हलवून मी त्या सर्वांना दूर ठेवीत असे. आता पाय हलविण्यास बंदी! बारा दिवस मी हे सोसले. तेराव्या दिवशी दरदरून घाम सुटून उठून बसलो. शिक्षक म्हणाले, 'काका, मन स्वच्छ नाही तुमचे.' तो भला माणूस होता. त्याला ठाऊक असलेले कारण त्याने सांगितले.

नंतर वाचनात आले की, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हायडे व बोर्कोवेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ सालीच ही गोष्ट नोंदवून ठेविली आहे. चिंतातुर लोकांना सैल होण्याचे शिक्षण देत असता त्यांतील काहींची चिंता त्या शिक्षणानेच वाढली. ते लोक माझ्यासारखे होते असे मी म्हणत नाही. त्या प्रयोगाचा रोख निराळा होता. पण 'विसावा घेताना भीती वाटते' असे म्हणणारा मनुष्य खोटा नसतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

मग निराळ्या घडणीच्या प्रौढांचा विचार विसाव्याच्या या विद्येत का झाला नाही? याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात सापडते. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडनमध्ये अतिचंचल, आवरत्या न येणाऱ्या प्रकृतीविषयी व्याख्याने दिली, ती मुलांविषयी. रशियातील बाई सुखारेवा यांनी १९२५ साली जी वर्णने लिहिली ती मुलांची. बाल्टिमोरचे कॅनर यांनी १९४३ साली, व्हिएन्नाचे आस्पर्गर यांनी १९४४ साली स्वमग्नतेचे लेख लिहिले, तेही मुलांवरच. जणू ही मुले कधी मोठी होतच नव्हती! प्रौढांकडे लक्ष जावयास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली, आणि स्वमग्नता व अध्ययनातील विशिष्ट अडचणी त्यात आल्या. आमच्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, ते मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी. तो प्रश्न निराळा; पण जी मुले इतरांसारखी नाहीत त्यांना शिकविण्याची रीतही इतरांसारखी असून चालणार नाही, हे या जिल्ह्याने त्यांच्याकडून पाहिले. मी मास्तर असून ते पाहावयास कधी गेलो नाही.

दरम्यान परदेशात काय चालले होते ते सांगितले पाहिजे, कारण त्यात मला माझी शाळा दिसली. लॉस एंजेलिस येथे ईव्हार लोव्हास यांनी १९६० नंतर स्वमग्न मुलांना वळण लावण्याची पद्धत बसविली. मुलाचे डोलणे, हात फडफडविणे हे घालविण्याजोगे दोष मानले गेले, आणि आरंभीच्या काळात त्यासाठी चापट व विजेचा झटका हीही साधने वापरली गेली. पुढे अशा वर्गांतून 'हात शांत' अशा अर्थाची एक आज्ञा रूढ झाली. आपली 'हाताची घडी' आणि त्यांची 'हात शांत' या दोन आज्ञा एकमेकींना न भेटता सख्ख्या बहिणी निघाल्या.

त्याच काळात त्याच देशात एका मुलीने मात्र निराळाच मार्ग काढला. टेंपल ग्रँडिन ही १९४७ सालची. आज ती गुरांच्या व्यवस्थेची नामांकित प्राध्यापिका आहे. अठराव्या वर्षाच्या सुमारास ती ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या वाड्यावर राहावयास गेली होती. तेथे लस टोचताना जनावराला दोन फळ्यांमध्ये दाबून धरीत. त्या दाबाने बिथरलेली कित्येक जनावरे शांत होतात, असे तिने पाहिले. तिला स्वतःला माणसाचा स्पर्श साहवत नसे. पण दाबाची ओढ होती. तिने आपल्यासाठी गादी लावलेल्या फळ्यांचे तसेच यंत्र बनविले. दाब किती हवा हे आतील माणसाच्या हाती. त्यात ती काही वेळ राहिली की तिची घालमेल उतरे. शाळेतील जाणत्यांना हे यंत्र विकृत वाटले व ते काढून टाकावे असे त्यांचे मत पडले. तिने ते सोडले नाही. सुधारीत राहिली, आणि १९९२ साली वैद्यकाच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. विसाव्याच्या इतिहासात माझ्या मते ही नोंद शिकागोच्या ग्रंथाच्या बरोबरीने करावयास हवी. कारण येथे प्रथमच निराळ्या घडणीच्या माणसाने आपल्या अंगाला विचारून आपली रीत ठरविली. पुढे २०१९ साली स्टीव्हन कॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ स्वमग्नांनाच विचारून पाहिले, तेव्हा डोलणे, बोटे चाळविणे या गोष्टींनी आम्हांला निवते, त्या आमच्यापासून काढून घेऊ नका, असे त्यांनी सांगितले.

ग्रँडिनबाईंचे यंत्र वाचून मी उठलो आणि माळ्यावरून आजीची गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली, पाच-सहा शेर वजनाची. लहानपणी ऐन उन्हाळ्यात मी ती अंगावर घेई म्हणून घरचे हसत. त्या रात्री पुन्हा घेतली. शवासनाने बारा दिवसांत जे केले नाही ते गोधडीने पंधरा मिनिटांत केले. यात चमत्कार मुळीच नाही. अंगावर सारखा भार आला की टाका टोचत नाही.

मग मी आपल्याच घराकडे नव्या नजरेने पाहू लागलो. तान्ह्या मुलाला आपण पाळण्यात हलवून निजवितो, आणि तेच मूल सहा वर्षांचे झाले की 'हलू नकोस, स्वस्थ बस' म्हणून दटावितो. झोपाळा, जाते, जपमाळ, टाळ : एकाच हालचालीची एका तालात पुनरावृत्ती हा या सर्वांचा गुण. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा संस्थानात व शाळांतून जो प्रसार केला, आणि १९२८ साली ज्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तो बळासाठी व आरोग्यासाठी होता, विसाव्यासाठी नव्हे, हे मान्य. पण मोजून, ठरलेल्या क्रमाने, तीच आवर्तने घालीत गेले की माझे मन जितके निवते तितके ते पडून राहून कधीच निवत नाही. एकाच पिढीच्या महाराष्ट्रात लोणावळ्याने निश्चलतेचा पाठ सिद्ध केला आणि औंधने आवर्तनाचा. विसाव्याच्या दृष्टीने पहिल्याची पारख झाली. दुसऱ्याकडे त्या नजरेने कोणी फारसे पाहिले नाही.

आमच्या वणीकरांना तर सप्तशृंगीचा गड उशाशी आहे. चैत्राच्या यात्रेला खानदेशातून हजारो माणसे पायी येतात. त्यांचे चेहरे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ती दमलेली असतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर ताण नसतो. २०१८ पासून देवळापर्यंत रेल्वेसारखी गाडी झाली आहे. म्हाताऱ्यांची सोय झाली. मी म्हातारा असूनही पायऱ्यांनीच जातो. या सुमारे पाचशे पायऱ्या अठराव्या शतकात उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या असे सांगतात. मी त्या दहा-दहाच्या गटाने मोजतो. देवीच्या दर्शनाचे पुण्य मिळत असेल ते मिळो. मोजण्याचे फळ मात्र मला रोख मिळते.

आणखी एका स्थळाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लिहून ठेविल्या आहेत. गोविंदप्रभू गावभर मनास येईल तसे हिंडत, कोणाच्याही घरी जात, खेळत, मागून खात, रीतिरिवाज जुमानीत नसत. कोणी त्यांना वेडे म्हणत, कोणी मायबाप मानीत. महानुभाव त्यांना ईश्वरावतार मानतात. त्यांच्यावर आजच्या वैद्यकाची चिठ्ठी चिकटविणे हा अडाणीपणा होईल व तो मी करणार नाही. माझे लक्ष त्या गावाकडे आहे. वागण्याची निराळी रीत असलेला पुरुष एका गावाच्या वाटांवरून आयुष्यभर हिंडला आणि गावाने त्याला कोठेही बांधून बसविले नाही. उलट तो कसा हिंडला हे जपून लिहिले गेले. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक या हिंडण्याचे आहे.

येथे काही श्रोते म्हणतील, की गुरुजी, मग शवासन टाकून द्यावे काय? मुळीच नाही. माझा नातू, म्हणजे पुतण्याचा तो मुलगा, अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पालथा पडून तासन् तास स्वस्थ राहतो व त्याला पायऱ्या आवडत नाहीत. निराळ्या घडणीची माणसे आपसांतही निराळी असतात. माझी तक्रार निश्चलतेविषयी नाही; निश्चलता तेवढीच शांती, अशी जी व्याख्या मी स्वतः छत्तीस वर्षे खडूने फळ्यावर लिहीत आलो, तिच्याविषयी आहे.

त्या छत्तीस वर्षांतला एक मुलगा मला आठवतो. बाकावर तो घड्याळाच्या लंबकासारखा मागेपुढे डोले. बाक करकरे. मी त्याला वर्षभर भिंतीशी उभा केला. भिंतीला पाठ लागली की डोलता येत नाही, हे मी हेरले होते. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. गेल्या वर्षी आठवड्याच्या बाजारात एका सायकलदुरुस्तीच्या दुकानापाशी थांबलो, तेव्हा चाकाचे आरे नीट करीत बसलेला गृहस्थ तोच निघाला. चाक फिरवावे, कान देऊन ऐकावे, एक आरा किंचित आवळावा, पुन्हा फिरवावे. आणि हे करताना तो पूर्वीसारखाच मागेपुढे डोलत होता. मला पाहताच उठून उभा राहिला. मी म्हटले, 'बस रे, बस.' क्षमा मागावयाची असे ठरवून बोलू लागलो, पण वाक्य जुळेना. त्याने माझ्यासाठी डबा पालथा घातला व म्हणाला, 'गुरुजी, चहा सांगतो.' चहा येईपर्यंत तो चाक फिरवीत राहिला. माझा उजवा पाय हलत होता; त्याने तो पाहिला असावा. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मी त्या डब्यावर जाऊन बसतो.